रूळ नसलेल्या गावातलं रेल्वेचं मस्टर

आमच्या पोंभुर्ण्यात रेल्वे नाही. गाडी पकडायची तर आधी एसटीने मूल गाठा, नाहीतर चंद्रपूर, नाहीतर बल्लारशा. पण रेल्वेतून रिटायर झालेली माणसं मात्र आमच्याकडे आहेत. गँगमन, गेटमन, पॉइंट्समन, खलाशी. तरुणपणी मूल-केळझरच्या जंगलात रुळावर गेली, म्हातारपणी पेन्शनचं पुस्तक घेऊन गावात परतली.

त्यातलेच एक आमच्या गल्लीत राहतात. वय ब्याऐंशी. गँगचे मेट म्हणून रिटायर झाले, म्हणून सगळे त्यांना मेटबाबा म्हणतात. महिन्यातून एका रविवारी ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, हातात कापडी पिशवी घेऊन सकाळच्या एसटीने मूलला जातात. कित्येक वर्षं मला वाटायचं, बुढा पत्ते खेळायला जातो. यंदा पावसाळ्यात त्यांचा नातू कामाला बाहेरगावी होता, गुडघा दुखत होता, म्हणून मी त्यांना गाडीवर घेऊन गेलो. दुपारी परत यायचं म्हणून गेलो आणि संध्याकाळी आलो. त्या दिवशी जे पाहिलं, आणि नंतर वाचून-विचारून जे कळलं, ते लिहितोय. पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात एखादा रेल्वेवाला बुढा किंवा बुढी आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

या मंडळाला धड नाव नाही. नोंदणी नाही, बोर्ड नाही, लेटरहेड नाही. एक खोली मिळते, तिथे सतरंजी आणि सात-आठ खुर्च्या. वीस-बावीस माणसं जमतात. सुरुवात हजेरीने होते. हजेरीच्या वहीला हे लोक आजही ‘मस्टर’ म्हणतात. गँगमध्ये सकाळी कामाला लागायच्या आधी मेट नावं पुकारायचा, तसंच पुकारतात आणि समोरून आवाज येतो, “हाव!” जो वारला त्याच्या नावावर काट मारत नाहीत. त्या नावाखाली बायकोचं नाव लिहितात आणि पुढच्या वेळेपासून तिला पुकारतात. त्या दिवशी अशा चार जणी आल्या होत्या.

मग दोन मिनिटं उभं राहणं, मग सूचना, मग चहा-चिवडा, मग कागद. कागदाचा कार्यक्रम सगळ्यात लांब चालतो. कोणाचा फरक अडकलाय, कोणाच्या पेन्शनच्या कागदात बायकोचं नाव चुकलंय, कोणाला ऐंशी पूर्ण झाली तरी वाढीव पेन्शन लागली नाही. हे शेवटचं पुष्कळांना माहीतच नसतं. केंद्राच्या पेन्शनरला वय ८० झालं की मूळ पेन्शनवर २० टक्के जास्त मिळतात, ८५ ला ३० टक्के, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला दुप्पट. एका म्हाताऱ्याची कागदावरची जन्मतारीख आणि आधारवरची जन्मतारीख यांत दोन वर्षांचा फरक, त्यावर तासभर खल चालला. रिटायर्ड स्टेशन मास्तर अर्ज सांगत होते, एक मुलगी मोबाईलवर टाईप करत होती.

आता थोडा इतिहास. कारण हे मंडळ कशातून उगवलं, ते त्याशिवाय कळत नाही.

मूलवरून जाणारी गोंदिया-चांदाफोर्ट लाईन मुळात बंगाल-नागपूर रेल्वेची. गेल्या शतकाच्या सुरुवातीला टाकलेली, अडीच फुटी नॅरोगेज. आमच्या बापजाद्यांची ‘छोटी गाडी’. कंपनीचा कारभार सरकारने १९४४ ला हातात घेतला. १९५२ ला ती पूर्व रेल्वेत गेली, १९५५ ला दक्षिण-पूर्व रेल्वे झाली, मुख्यालय पार कलकत्त्याच्या गार्डन रीचला. २००३ पासून दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वे, मुख्यालय बिलासपूर. केळझरच्या जंगलात घन मारणाऱ्या गँगमनचा मोठा साहेब आधी कलकत्त्यात आणि नंतर छत्तीसगडमध्ये. चंद्रपूर शहरात तर दोन स्टेशनं, दोन वेगळ्या रेल्वे: मुख्य स्टेशन मध्य रेल्वेचं, चांदाफोर्ट बिलासपूरवाल्यांचं. बल्लारशाच्या पुढे काझीपेठकडे निघालात की दक्षिण-मध्य रेल्वे, मुख्यालय सिकंदराबाद. एका जिल्ह्यात तीन रेल्वे. रिटायर माणसाने अर्ज कुठे द्यायचा, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

इंग्रजांच्या काळात रेल्वे म्हणजे नुसती नोकरी नव्हती. क्वार्टर रेल्वेचं, दवाखाना रेल्वेचा, शाळा रेल्वेची आणि करमणूकही रेल्वेची. मोठ्या जंक्शनवर ‘इन्स्टिट्यूट’ असायच्या. गोऱ्यांची वेगळी, हिंदी नोकरांची वेगळी. गोऱ्यांकडे नाचाची लाकडी फरशी आणि बिलियर्ड, आपल्याकडे कॅरम, वाचनालय आणि नाटकाचा पडदा. त्या खर्चातला काही पैसा कामगारांकडून कापलेल्या दंडाच्या फंडातून यायचा, त्याचाच पुढे स्टाफ बेनिफिट फंड झाला. म्हणजे उशीर झाला म्हणून गँगमनचे चार आणे कापायचे आणि त्यातून क्लबचा कॅरमबोर्ड यायचा. पण जंगलातल्या गँगहटवर राहणाऱ्याला ना इन्स्टिट्यूट, ना कॅरम. त्याची सभा म्हणजे रात्रीची शेकोटी.

ती जुनी उतरंड अजून पूर्ण मोडलेली नाही, हेही सांगतो. त्या खोलीत खुर्च्यांवर मास्तर, गार्ड, क्लार्क. सतरंजीवर गँगमन आणि खलाशी. बायका दाराजवळ. कोणी कोणाला बसा म्हटलं नव्हतं, आपोआप तसे बसले. मी मेटबाबांना खुर्ची पुढे केली तर म्हणाले, “राहू दे बापू, इथंच बरं.” गुडघा दुखतोय म्हणून गाडीवर आणलेला माणूस दोन तास मांडी घालून बसला.

आणि पेन्शन? आपल्याला वाटतं, रेल्वे म्हणजे पहिल्यापासून पेन्शन. तसं नव्हतं. रेल्वेत आधी होता प्रॉव्हिडंट फंड. रिटायर झालास, हे घे एकरकमी, आता तुझं तू बघ. पेन्शनची योजना आली १९५७ ला. नवीन भरती होणाऱ्याला ती लागू, आधीपासून असलेल्याने दोन्हींतलं एक निवडायचं. पुष्कळांनी फंडच ठेवला. लोकांना तेव्हा एकरकमी पैसा मोठा वाटायचा, पोरीचं लग्न, घर, एक-दोन एकर धानाचं शेत. पेन्शन किती मिळणार आणि आपण किती जगणार, हे कोणाला ठाऊक? पुढे महागाई वाढली आणि ती एकरकमी रक्कम विरघळली. सरकारने निवड बदलायची संधी पुनःपुन्हा दिली, तरी काही राहिलेच. ही फंडवाली म्हातारी माणसं कोर्टात गेली आणि १९९० ला सर्वोच्च न्यायालयात हरली. त्यांना पुढे सानुग्रह म्हणून थोडी रक्कम सुरू झाली, पण पेन्शन नाही ती नाहीच. मेटबाबांच्या सासऱ्यांनी फंड घेतला होता. त्यांच्या शेवटच्या वर्षांबद्दल विचारलं तर बाबा एवढंच म्हणाले, “जावयाच्या दारात होते, आमच्याच.”

दुसरीकडे १७ डिसेंबर १९८२ ची तारीख आहे. त्या दिवशी नाकारा खटल्याचा निकाल लागला. नाकारा रेल्वेवाले नव्हते, संरक्षण खात्यातून निवृत्त झालेले अधिकारी. घटनापीठाच्या अध्यक्षस्थानी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड, सोबत न्यायमूर्ती तुळजापूरकर, दोघंही आपले मराठी. निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती देसाईंनी. सार असं की पेन्शन ही मालकाने खूश होऊन दिलेली बक्षिसी नाही, आयुष्यभराच्या कामाचं ते देणं आहे. आणि अमुक तारखेच्या आधी रिटायर झाला म्हणून एकाला कमी, नंतर झाला म्हणून दुसऱ्याला जास्त, असा भेद चालणार नाही. तेव्हापासून १७ डिसेंबर हा पेन्शनर दिवस. मूलच्या त्या खोलीत त्या दिवशी चिवड्याऐवजी जिलेबी असते. कोणाला खटल्याचा तपशील सांगता आला नाही, फक्त मास्तरांना आला. पण तारीख सगळ्यांना पाठ.

माझ्या दृष्टीने बैठकीतला सगळ्यात दमदार भाग म्हणजे ‘वर्षं मोजणं’.

मेटबाबा १९६५ च्या सुमारास रोजंदारीवर लागले. आमच्या भागातली बहुतेक मंडळी अशीच लागली. पावसाळ्यात भराव खचला की माणसं हवीत, काम संपलं की घरी. पुन्हा बोलावणं, पुन्हा घरी. पक्कं व्हायला वर्षानुवर्षं. १९८५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या प्रोजेक्टवरल्या रोजंदारी मजुरांना टप्प्याटप्प्याने तात्पुरता दर्जा द्यायला लावला, त्यातून देशभर लाखो माणसं मार्गी लागली. पण पेन्शन मोजताना तात्पुरत्या दर्जाची वर्षं अर्धीच धरतात. त्याच्याही आधीची कच्ची रोजंदारी तर बराच काळ शून्य. तीही अर्धी धरा, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं २०१७ ला. तोवर आमच्या भागातले किती जण गेले, ते या मस्टरमध्ये दिसतं.

“आठ वर्स घन मारला बापू,” बाबा म्हणाले, “आन् कागदावर चार. मंग बाकीचे चार वर्स रूळ कोनं सांभाळले?”

यावर सतरंजीवरची सगळी हसली. खुर्चीवरचेही.

१९७४ चा विषय निघाल्याशिवाय ही बैठक संपत नाही म्हणे, आणि खरंच निघाला. ८ मे ते २७ मे. जॉर्ज फर्नांडिस. बोनस द्या, कामाचे तास ठरवा, पगार सार्वजनिक उद्योगांसारखा करा. सरकारने हजारोंना अटक केली, हजारोंना काढून टाकलं, क्वार्टरमधून बायकापोरांना बाहेर काढलं. आता एक गंमत बघा. आमच्या या लाईनीच्या, म्हणजे बंगाल-नागपूर रेल्वेच्या कामगारांची संघटना बांधणाऱ्यांत एक मोठं नाव होतं व्ही. व्ही. गिरी. १९२७ चा खरगपूरचा संप त्यांच्या नावावर. तेच गिरी १९७४ च्या मे महिन्यात देशाचे राष्ट्रपती होते.

तेव्हा कच्च्या माणसांची अवस्था सगळ्यात वाईट. संपात गेलं तर काम कायमचं जाणार, नाही गेलं तर सोबतच्यांना तोंड कसं दाखवणार? बाबा आणि आणखी दोघं रात्री केळझरहून जंगलाच्या वाटेने पायी पोंभुर्ण्याकडे निघाले. पोलिसापेक्षा वाघ बरा, असा हिशोब. तीन आठवडे शेतावर लपून राहिले. परत गेले तेव्हा मुकादमाने काही विचारलं नाही, त्यानेही तेच केलं होतं. ज्यांना काढून टाकलं होतं ते परत आले १९७७ मध्ये, जनता सरकार आल्यावर. रेल्वेमंत्री होते मधु दंडवते. लोकांना ते दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर फोमची गादी घालणारे म्हणून आठवतात. या खोलीत ते नोकरी परत देणारे म्हणून आठवतात. १९७९ मध्ये बोनसही मान्य झाला. मास्तर म्हणाले, “संप हरला म्हणतात. हरला असेल. बोनस मात्र दर दिवाळीला येतोय.”

आता सहलीबद्दल. वर्षाला दोन ठरलेल्या. महाशिवरात्रीच्या गर्दीनंतर मार्कंड्याला, आणि पाऊस ओसरला की मूलजवळच्या सोमनाथला. धबधबा बघायचा, मंदिरात जायचं, वाटलं तर आमटेंच्या प्रकल्पात डोकवायचं आणि डबे खाऊन परत. कधी लांबची निघते. काही वर्षांपूर्वी सगळे नागपूरला मोतीबागेतलं नॅरोगेज म्युझियम बघायला गेले होते. हे म्युझियम २००२ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं. मूल ते नागभीड ब्रॉडगेज, कारण इकडचा भाग नव्वदच्या दशकात मोठा झाला होता, आणि नागभीडहून इतवारीपर्यंत छोटी गाडी. म्हणजे ज्या गाडीचं म्युझियम बघायला निघाले होते, तिच्यातच बसून गेले! तसं पुन्हा करता येणार नाही. नागपूर-नागभीड छोटी गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली.

म्युझियममध्ये जुनी इंजिनं, डबे, कंदील बघत सगळे पुढे गेले. मेटबाबा म्हणे रुळाच्या तुकड्यापाशी थांबले. इंजिन बघायला माणसं येतात, रूळ बघायला कोण येतं? त्यांनी तिथल्या माणसाला विचारलं, ह्या फिशप्लेटचे बोल्ट उलटे कोणी लावले? हा किस्सा त्या खोलीत नेमाने सांगतात, आणि बाबा नेमाने म्हणतात, “उलटेच होते.”

लांबच्या सहलीत आता अडचण आहे ती पैशाची आणि सोबतीची. रिटायर रेल्वेवाल्याला सेवेच्या वर्षांप्रमाणे पास मिळतो. विधवेलाही १९८७ पासून पास आहे, पण अर्ज केला तर. पूर्वी कागदी पास असायचा, खिशात घडी करून ठेवता यायचा. २०२० पासून तो ऑनलाईन झाला, मोबाईल नंबर आणि ओटीपी. सतरंजीवरच्या निम्म्या लोकांचा नोंदवलेला नंबर मुलाचा, आणि मुलगा पुण्याला किंवा हैदराबादला. म्हातारा इथे काउंटरवर उभा, ओटीपी तिकडे कंपनीच्या शिफ्टमध्ये. आणि जे रेल्वेवाले नाहीत पण या लोकांचे दोस्त आहेत, म्हणजे रिटायर गुरुजी, शेतकरी, त्यांची ज्येष्ठ नागरिकांची तिकीट-सवलत मार्च २०२० मध्ये कोरोनात बंद झाली, ती अजून सुरू नाही. साठीच्या पुरुषाला ४० टक्के आणि अठ्ठावन्नच्या बाईला ५० टक्के होती. कोरोना संपला, गाड्या भरून वाहतायत, सवलत मात्र परतली नाही. संसदेत प्रश्न विचारला की उत्तर येतं, आम्ही सगळ्यांनाच तोट्यात तिकीट देतो. गुरुजी गेल्या दोन लांबच्या सहलींना आले नाहीत. कारण विचारलं तर तब्येत सांगतात.

दवाखान्याचंही तेच. रेल्वेचा दवाखाना बल्लारशाला नाहीतर नागपूरला. जो लांब राहतो आणि रोजची ओपीडी घेत नाही, त्याला महिन्याला १००० रुपये ठरलेला वैद्यकीय भत्ता आहे. पोंभुर्णा-गोंडपिपरीकडच्या माणसासाठी ही तर सरळ गोष्ट. तरी दाराजवळ बसलेल्या चौघींपैकी दोघींनी तो कधी मागितलाच नव्हता. का? नवऱ्याने घरी सांगितलं नाही, आणि नवरा गेल्यावर सांगणारं कोणी नव्हतं. १९६४ पासून कुटुंब पेन्शन आहे, पण ती घ्यायला आधी आपलं नाव कागदावर आहे हे माहीत असावं लागतं ना! त्या चौघी सहलीसाठी येत नाहीत, चिवड्यासाठी तर नाहीच. त्यांना बोलायला मात्र शेवटची पाच मिनिटं मिळाली. हे मी मास्तरांना तिथेच बोललो. ते रागावले नाहीत. पुढच्या वेळी बायकांचे कागद आधी घेऊ म्हणाले. बघू.

आणि आता जे मला लिहायचंच आहे. त्या मस्टरमध्ये सगळ्यात तरुण माणूस साठी ओलांडलेला. नवीन नावं येतायत, पण काही वर्षांनी येणाऱ्यांचा हिशोब वेगळा असेल. १ जानेवारी २००४ नंतर केंद्रात, म्हणजे रेल्वेतही, लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. पगारातून १० टक्के कापायचे, सरकार आपला वाटा टाकणार, आधी १० आणि २०१९ पासून १४ टक्के, पैसा बाजारात फिरणार आणि शेवटी निघेल ते. आज मूल-चांदाफोर्ट लाईनीवर रात्री टॉर्च घेऊन चालणारा पोरगा या हिशोबातला आहे. त्याच जंगलात १५ नोव्हेंबर २०१८ ला वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडले. जिथे वाघाला गाडी चुकवता येत नाही, तिथे तो पोरगा पायी फिरतो.

आपल्या राज्यातही १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांचं हेच. मार्च २०२३ चा संप आठवत असेल, १४ तारखेपासून आठवडाभर शाळा, तहसील, दवाखाने ठप्प. तेव्हा मीच बातमी केली होती, ‘नागरिकांचे हाल’. चूक नव्हती, हाल झालेच होते. पण पेन्शन नसलेल्या म्हाताऱ्याचे हाल कसे असतात, ते त्या बातमीत नव्हतं. सरकारचं म्हणणं, तिजोरीला झेपत नाही. तेही खोटं नाही, राज्याचा पैसा पगार-पेन्शनमध्ये किती जातो हे आपण बघतोच. आणि ज्या शेतमजुराला कसलीच पेन्शन नाही, त्याने हा वाद कोणत्या तोंडाने ऐकायचा? आम्हा तालुका वार्ताहरांना तर पगारपत्रकही नाही. तरीसुद्धा मला वाटतं, की ज्याला नाही त्याला मिळावी, ही मागणी करता येते. ज्याला आहे त्याचीही काढा, यात कोणाचंच भलं नाही. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये नवी एकत्रित योजना आणली, १ एप्रिल २०२५ पासून लागू. २५ वर्षं सेवा झाली तर शेवटच्या वर्षाच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, १० वर्षांना किमान १० हजार. म्हणजे वीस वर्षांनी सरकार अर्ध्या वाटेवर परत आलं. आता पुन्हा कर्मचाऱ्यानेच निवडायचं आहे, हे की ते. १९५७ सारखंच. मास्तर तरुण पोरांना बोलावून फंडवाल्या म्हाताऱ्यांची गोष्ट सांगतात, ती त्यासाठीच. सही करायच्या आधी दहा जणांत बसून वाचा, एवढंच त्यांचं म्हणणं.

कामाची गोष्ट राहिली. नोव्हेंबर जवळ येतोय, हयातीचा दाखला द्यायचा आहे. ८० च्या वरच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. गँगमनचा एक खास त्रास असतो. चाळीस वर्षं घन, सब्बल आणि गिट्टी हाताळून बोटांच्या रेषा गेलेल्या, मशीनवर अंगठा उमटत नाही. मेटबाबांना दोन वर्षं ‘पुन्हा या’ म्हणून परत पाठवलं होतं. आता चेहरा दाखवून मोबाईलवर दाखला होतो, २०२१ पासून सोय आहे. पोस्टमन घरी येऊनही करून देतो, थोडं शुल्क लागतं. आपल्या गल्लीत असा कोणी म्हातारा असेल तर दहा मिनिटं काढा आणि करून द्या. नवरा वारलेला असेल तर त्या बाईला वैद्यकीय भत्ता आणि पास सुरू आहे का, तेवढं विचारा.

पॉइंट्समन काकांचा हात थरथरतो, म्हणून पुढच्या बैठकीपासून मस्टर मी लिहायचं ठरलंय. मी रेल्वेत नव्हतो, चालेल का, असं विचारलं. मेटबाबा म्हणाले, “तू रोजंदारीवर. अर्धे दिवस धरू.” चहाची वर्गणी मात्र पूर्ण २० रुपये घेतली.